भिंतीवरच्या एकवीस जागा

दुपारचं जेवण झालं की खुर्चीमामांना डुलकी लागायची, आणि डुलकीतही त्यांचा उजवा हात कुठल्यातरी खुर्चीच्या बैठकीवर असायचा. दुरुस्तीला आलेली खुर्ची लगेच उसवायची नाही, आधी तिच्यावर हात ठेवून तासभर नुसतं बसायचं, ही त्यांची पद्धत. वेताची वीण कुठे खाली गेलीय, कुठल्या कोपऱ्यातली काडी आधी तुटलीय, हे तळव्याला कळलं की मिटल्या डोळ्यांपुढे त्या खुर्चीचं माणूस हळूच येऊन बसायचं. बाजूला पिंपात वेत भिजत पडलेला असे. त्या पाण्यावरचं ऊन छतावर थरथरत राही. मामा त्या उजेडाखाली अर्धवट झोपेत पुटपुटत, "ही बाई एका बाजूला कलून बसते. खिडकीतून कुणाची तरी वाट बघत असणार." नाहीतर, "हा गृहस्थ बसतो कुठे? टेकतो नुसता. उठायची घाई."

"अहो, खुर्ची दुरुस्त करायचीय," मामी आतून म्हणत, "पत्रिका नाही मांडायची तिची!"

पण गिऱ्हाइकांना हे आवडायचं. चाळीस वर्षं वेत विणून मामांचे तळवे दगडासारखे झाले होते, तरी बैठकीतला केसाएवढा उतार त्यांना कळायचा. आपला हात खोटं सांगत नाही, असं ते म्हणत. लोकही तसंच म्हणू लागले होते, आणि गोष्ट बिघडली ती इथेच.

शहर उतारावर वसलेलं. खाली नदी, बाजार, मोठा दवाखाना आणि मामांचं दुकान. वर, बसनं पाऊण तासाच्या चढावर, वरची वस्ती आणि तिचा दोन खोल्यांचा लहान दवाखाना. रोज सकाळी नदीवरनं धुकं उठायचं, रमतगमत चढ चढायचं आणि वरच्या वस्तीत जाऊन दहा-साडेदहापर्यंत मुक्काम ठोकायचं. खालून पाहिलं तर वर वस्ती आहे हेही कळू नये. दोन्ही दवाखान्यांत वाट बघणाऱ्यांसाठी वेताचे लांब बाक होते, आणि दोन्ही मामांनीच विणलेले.

म्हणूनच त्यांना समितीवर घेतलं. दवाखान्यांचा कारभार लोकांना विचारून चालावा, जे काही थोडंथोडकं येतं ते सगळ्यांना नीट वाटलं जावं, यासाठी पाच जणांची समिती केली होती. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, औषधवाला, वरच्या मार्गावरचा बसड्रायव्हर आणि खुर्चीमामा. बैठक खालच्या दवाखान्यात, महिन्यातून एकदा. वरच्या वस्तीतलं कोणी त्यात नव्हतं. ड्रायव्हर रोज वर जातो आणि मामांची थोरली बहीण वर राहते, तेवढं पुरे, असं सगळ्यांना वाटलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला उंट फार उंच वाटत नाही.

"जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या विणल्यात," मामी म्हणाल्या, "आता स्वतःला मिळालीय तर ताठ बसा. डुलक्या काढू नका तिथे."

मामांनी डुलक्या काढल्या नाहीत. उलट जरा जास्तच जागे राहिले.

प्रश्न आला नर्सबाईंचा. जखमा धुऊन पट्टी करणारी नर्स दोन्ही दवाखान्यांना मिळून एकच. आठवड्याचे तीन दिवस खाली, तीन दिवस वर, असं कागदावर होतं. खालची गर्दी आवरेना, म्हणून वरचे दिवस कमी करा अशी मागणी आली. डॉक्टरीणबाईंनी दोन वह्या टेबलावर ठेवल्या. खाली दिवसाला चाळीस नावं, वर सहा.

"वही हे सांगते," त्या म्हणाल्या, "पण माझं मन घेत नाही. वरच्या माणसांना जखमा होत नाहीत की काय?"

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. "मामा, दोन्ही बाक तुमच्या हाताखालून जातात. तुम्हीच सांगा."

वर आक्का राहते. आता वरच्यांच्या बाजूनं एक शब्द बोललो तर लोक म्हणतील, आपला तो बाब्या. त्यांनी डोळे मिटले, तळवा टेबलावर ठेवला आणि दोन्ही बाक आठवले.

"खालचा बाक दर आठ महिन्यांनी फाटतो," ते म्हणाले. "वरचा चार वर्षांपूर्वी विणला. आजही टिचकी मारली तर वाजतो. त्याच्यावर कोणी बसतच नाही."

वहीला साक्षीदार मिळाला. खाली पाच दिवस, वर एक, बुधवार. मोठ्या बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. मामा घरी चालत निघाले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. सख्खी बहीण वर, आणि तरी खरं तेच बोललो! निःपक्षपातीपणाची नशा दारूपेक्षा वाईट. दारू निदान सकाळी उतरते.

रविवारी नेहमीप्रमाणे ते आक्काकडे गेले आणि सगळं सांगितलं. आक्का खिडकीशी बसली होती, पायांवर चादर घेऊन.

"बरोबर असेल तुझं, बाळ्या," ती म्हणाली. साठीच्या भावाला बाळ्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. "चहा तूच टाक आज. गुडघा धरलाय माझा."

पुढच्या रविवारीही गुडघाच धरला होता. त्याच्या पुढच्याही. मामा चहा टाकत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण काही उगाच नाही.

मग त्यांना ते स्वप्न पडायला लागलं. दुपारच्या डुलकीत वरचा बाक यायचा. धुक्यात एकटाच उभा, विणून कालच ठेवल्यासारखा. त्याच्यावर कोणी नाही. पण वेत मात्र करकरायचा, कोणी बसल्यावर करकरतो तसा. मामा हात पुढे करायचे आणि हाताला नुसतं गार पाणी लागायचं. जाग आली की खरंच हात पिंपात असायचा. मामी म्हणत, वय झालं. मामाही तेच म्हणत. पण दिवसभर त्यांना चैन पडत नसे.

असे दहा आठवडे गेले. एका बुधवारी वरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची आरामखुर्ची पोचवायची होती. मामा पहिल्याच बसनं निघाले. खुर्ची दवाखान्याच्या थांब्यावर उतरवून घेतली, बस पुढे गेली, आणि आजूबाजूला दूध सांडावं तसं पांढरंच पांढरं. स्वतःचे पायसुद्धा दिसेनात. अशात खुर्ची डोक्यावर घेऊन कुठे धडपडायचं? त्यांनी ती रस्त्याकडेला ठेवली आणि सरळ तिच्यातच बसले. वेत नवा, ताण छान बसलेला. हवा ओली आणि गप्प. एक हात आपोआप बैठकीवर गेला, डोळे मिटले.

मग धुकं बोलायला लागलं.

आधी एक खोकला. मग लहान मुलाची कुरकुर. मग काठीचा ठक्‌ठक्‌ आवाज आणि पाठोपाठ एक ओळखीचा आवाज, "कोण कोण आलंय? बोला पटापट. कडेवर पोर असलेली?"

"मी आहे."

"तू पहिली. गेल्या बुधवारी कोणाचं राहिलं?"

"माझं राहिलं. आणि सुताराचं."

"मग तू दुसरी, सुतार तिसरा. जखम कोणाची वाहतेय? लाजू नका, इथे काही लग्न ठरवायचं नाहीये." कोणीतरी हसलं. "तुला पुढच्या बुधवारी कामावरून सुट्टी मिळणार नाही ना? मग तू चौथी. ज्याला थांबता येतं त्यानं थांबायचं, ठरलंय ना आपलं?"

मामा हलले नाहीत. हे स्वप्नच, असं त्यांना वाटलं. स्वप्नातल्या माणसाला हाक मारली तर ते जातं, म्हणून ते गप्प राहिले.

"आणि आक्का, तुमचं?" एक बाई म्हणाली. "तीन बुधवार झाले, तुम्ही शेवटी राहता आणि नर्सबाईंची एकची बस येते. पाय दाखवा बघू."

"माझं शेवटीच. माझा भाऊ आहे समितीवर. मी पुढे घुसले तर तुम्हीच उद्या म्हणाल, बहिणीची सोय केली. त्याला मान खाली घालायला लागू नये, बाई."

"पण त्याला सांगा तरी!"

"तो म्हणतो बाकावर कोणी बसत नाही. कसं बसणार? किल्ली नर्सबाईंच्या कमरेला. त्या दहाला येणार तेव्हा दार उघडणार. आपण आपले भिंतीवर. पण त्यानं इतक्या कौतुकानं सांगितलं ना, की मला त्याचं तोंड पाडवेना."

धुक्यात बसलेल्या मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायलाही त्यांचा हात उठेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो हात खोटा ठरला होता. खरं तर हात खोटा नव्हताच. बाकावर खरंच कोणी बसत नव्हतं. पण माणसं बाकावरच बसतात, हे हाताला कोणी सांगितलं होतं?

दहाच्या सुमाराला धुकं विरळ झालं आणि दवाखान्यासमोरची बुटकी दगडी भिंत दिसू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या शेवाळानं मढलेली. मधे मधे मात्र शेवाळ नव्हतं. दोन विती रुंद, कोरडा, गुळगुळीत दगड, मग शेवाळ, मग पुन्हा दगड. प्रत्येक जागेवर एक माणूस. मामांनी मोजल्या. एकवीस. प्रत्येक जागेखालच्या मातीत टाचांचे दोन खळगे. अगदी शेवटच्या जागेखाली खळगा एकच होता, आणि त्याच्या शेजारी काठीनं पाडलेली बोटभर खोल, गोल गोल भोकं.

त्या जागेवरून आक्का त्यांच्याकडे बघत होती.

"बाळ्या? तू इथे खुर्ची टाकून काय बसलायस?"

तेवढ्यात दुसऱ्या बसनं नर्सबाई आल्या. खालच्या दवाखान्यातलं काहीतरी उरकून येतात म्हणून त्यांना दहा वाजतात, नाहीतर बस चुकली तर येतच नाहीत, हे मामांना आज कळलं. दार उघडलं. माणसं भिंतीवरून उठली ती थेट रांगेत उभी राहिली. उघड्या दारातून आतला बाक दिसत होता, नवाकोरा, चकचकीत, रिकामा. आणि ज्यांना नर्सबाईंनी पाहिलं तेवढ्यांचीच नावं वहीत चढत होती. जे वाट बघून परत जायचे, त्यांची नावं कुठल्या वहीत असणार?

एक वाजता बसचा हॉर्न वाजला. रांगेत चौदा जण उरले होते, आणि आक्का. नर्सबाई हात जोडून म्हणाल्या, "मी एकटी किती करू?" त्यांचंही काही खोटं नव्हतं.

मामा उठले. आक्काला त्यांनी आरामखुर्चीत बसवलं, ती नको नको म्हणत असताना. एका बाजूनं त्यांनी, एका बाजूनं सुतारानं खुर्ची उचलली आणि बसमध्ये चढवली. म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांची खुर्ची एक दिवस उशिरा मिळाली, पण ते काही बोलले नाहीत. खाली डॉक्टरीणबाईंनी आक्काच्या पायाचं फडकं सोडलं आणि मामांना बाहेर थांबायला सांगितलं. शुगरचा पाय. दोन बोटं काळी पडली होती. दोन महिन्यांपूर्वी दिवसाआड पट्टी झाली असती तर वाचली असती, असं त्या म्हणाल्या. त्या खोटा धीर देणाऱ्या नव्हत्या.

समितीच्या पुढच्या बैठकीत मामा उभे राहिले. "मी चुकीचं सांगितलं," ते म्हणाले, "आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात." भिंतीचं सगळं सांगितलं.

औषधवाला खालमानेनं म्हणाला, "बहिणीचं दुःख आहे मामा, समजू शकतो आम्ही." त्या 'समजू शकतो'मध्ये काय होतं ते मामांना कळलं. ज्याला घाबरून ते खोटे न्यायाधीश झाले होते, तेच आता समोर आलं होतं. आणि नवल म्हणजे, आता त्याची भीती वाटत नव्हती.

"ठराव झालाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "सहा महिने तरी बदलता येत नाही. असा रोज खोडत बसलो तर कसं चालेल?"

"खोडू नका," मामा म्हणाले. "फक्त पुढची बैठक वर घ्या. बुधवारी, पहिल्या बसनं."

गेले सगळे. धुकं होतंच. डॉक्टरीणबाई, मोठ्या बाई, औषधवाला आणि मामा बसमधून उतरले. ड्रायव्हरही बस कडेला लावून उतरला. भिंतीवर माणसं होती. मोठ्या बाईंचे पाय दुखत होते. टोकाची एकच जागा रिकामी दिसली, तशा त्या बसायला गेल्या.

"तिथे नको," कडेवर पोर असलेली बाई म्हणाली. "ती आक्कांची जागा आहे. त्या हॉस्पिटलात आहेत."

मोठ्या बाई वाकलेल्या होत्या, त्या सरळ झाल्या. दोन तास पाचही जण उभे राहिले. धुक्यातून वाहत्या जखमा, तापलेली पोरं, रजा न मिळणाऱ्या बायका यांची ती हलक्या आवाजातली वाटणी चालली होती, कुरकुर नाही, भांडण नाही. डॉक्टरीणबाई कान देऊन ऐकत होत्या. नंतर त्या म्हणाल्या की इतकं नीट त्यांनाही जमलं नसतं.

ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा होता. "मी रोज बघायचो यांना," तो मामांना हळूच म्हणाला. "मला वाटायचं बसची वाट बघतायत. कधी कोणी चढलं नाही, तरी मला नवल वाटलं नाही हो. सहा वर्षं!"

मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघांची चूक एकाच जातीची होती. जो तो आपल्या धंद्याच्या खिडकीतून बघतो.

मोठ्या बाईंनी शाळेत असताना खाडाखोड कधी खपवून घेतली नव्हती. त्यांनी पर्समधून ठरावाची वही काढली, हातावर धरली आणि आपल्याच सुवाच्य अक्षरांवर आडवी रेघ मारली. खाली तीन, वर तीन. वरच्या तिन्ही दिवशी नर्सबाई घरून थेट वर येतील, आधी खाली जाणार नाहीत. किल्ली वरच राहील, वस्तीतल्या माणसांकडे, आणि दार सकाळी उघडेल. वहीत दोन रकाने होतील, पाहिलेल्यांचा आणि परत गेलेल्यांचा. शेवटचं कलम मामांनी सांगितलं. समितीत पाचच जणांची जागा आहे ना? मग भिंतीवरचं माणूस त्यात यायचं तर कोणीतरी उठलं पाहिजे.

"मी उठतो," ते म्हणाले. "आक्काला बसवा. नंबर लावायची तिला सवय आहे."

खाली व्हायचं ते झालं. दोन दिवस गेले म्हणून लोक चिडले. बहिणीसाठी केलं, असं दुकानात येऊन तोंडावर सांगणारेही भेटले, आणि त्यांच्या खुर्च्या मामांनी नेहमीसारख्याच घट्ट विणून दिल्या. खालची गर्दी काही कमी झाली नाही. पण आक्का बैठकीला येऊ लागली आणि तिनं खालच्या बाकावरही तोच प्रश्न विचारायला लावला, कोणाला थांबता येतं? तेव्हा खालच्यांनाही कळलं की आपल्यातही थांबू शकणारे बरेच आहेत, विचारलंच नव्हतं कोणी.

बोटं दोन गेली ती गेलीच. मामा त्याबद्दल बोलू लागले की आक्का हात झटकायची. "दहातली आठ आहेत ना? बहुमत आहे, बाळ्या." मग दोघंही हसायचे, आणि हसता हसता मामा उठून उगाच चहा टाकायला जायचे.

वर्ष उलटलं, आणि एका दुपारी ड्रायव्हरनं बसमधून वरचा बाक उतरवला. वीण पार लोंबत होती, मधे दोन ठिकाणी भगदाड. इतक्या फाटक्या वेताचा आनंद झालेलं माणूस मामींनी पहिल्यांदाच पाहिलं. "वेड लागलंय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच पिंपात पाणी भरायला लागल्या. मामा बाकावर हात ठेवून डोळे मिटून बसले. छतावर पाण्याचं ऊन हलत होतं. एकेक जण येऊन बसलं, पोरवाली, सुतार, सगळे. अगदी कडेला, एक पाय लांब करून बसणाऱ्या बाईचा उतार हाताला लागला, तिथे हात बराच वेळ राहिला.

पुढच्या रविवारी ते विणलेला बाक घेऊन वर गेले. आक्कानं कमरेची किल्ली काढून दार उघडलं, दोघांनी मिळून बाक आत ठेवला. बाहेर आले तेव्हा मामांना दम लागला होता. समोर भिंत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी. जागा कुठे होत्या ते आता शोधावं लागत होतं. तिथलं शेवाळ अजून कोवळं होतं, जरा फिकट. काठीची भोकंही बुजली होती.

मामा बसायला वाकले, आणि तसेच थांबले.

"बस की रे," आक्का दारातून म्हणाली.

"नको," मामा म्हणाले. "उभाच बराय मी."